बॉंड, थिसिस आणि पाळणा

यवतमाळ जिल्ह्यात डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीचे वेळापत्रक दहावीचा निकाल लागला की आखले जाते. दारव्हा, दिग्रस, वणी नाहीतर उमरखेडहून ती अकरावीला नांदेड, लातूर किंवा अकोल्याला जाते. पहिल्याच ‘नीट’मध्ये नंबर लागला तर ठीक, बऱ्याच जणी एक वर्ष रिपीट करतात. एमबीबीएसला प्रवेश मिळतो तो अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि इंटर्नशिप एका वर्षाची. चोविसावे-पंचविसावे लागलेले असते. सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्यांना पुढे एक वर्ष बॉंडची सेवा, ती टाळली तर 10 लाख रुपये दंड. मग ‘नीट-पीजी’ची तयारी, त्यात एक किंवा दोन प्रयत्न, एमडी-एमएसची तीन वर्षे आणि पुन्हा एक वर्ष बॉंड. या वेळी दंडाची रक्कम 50 लाख. तिशी इथेच ओलांडते. हृदयरोग किंवा न्यूरोसर्जरीसारखी सुपरस्पेशालिटी करायची असेल तर आणखी तीन वर्षे.

याच वर्षांमध्ये शरीराचेही एक वेळापत्रक चालू असते. स्त्रीची गर्भधारणेची क्षमता साधारण बत्तिसाव्या वर्षापासून हळूहळू आणि सदतिसाव्यानंतर वेगाने कमी होते. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता आईच्या पंचविशीत साडेबाराशेत एक, पस्तिशीत साडेतीनशे ते चारशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक अशी चढत जाते. हे आकडे या मुलींना कुणी बाहेरून सांगावे लागत नाहीत. स्त्रीरोगशास्त्राच्या तोंडी परीक्षेत त्यांनी ते घडाघडा म्हणून दाखवलेले असतात. ओपीडीत आलेल्या तिशीतल्या जोडप्याला ‘फार उशीर करू नका’ असा सल्लाही त्याच देतात.

यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1989 मध्ये सुरू झाले. सोळा तालुक्यांच्या जिल्ह्यात अवघड बाळंतपण म्हटले की झरी-जामणीपासून पुसदपर्यंतची रुग्णवाहिका इथेच येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीनुसार महाराष्ट्रातली 95 टक्क्यांच्या जवळपास बाळंतपणे आता दवाखान्यात होतात. याच पाहणीत 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. त्यामुळे लेबर रूममध्ये टेबलावर विशीही न गाठलेली पहिलटकरीण आणि तिच्या शेजारी उभी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची, मूल न झालेली रेसिडेंट, हे रोजचे चित्र आहे. नाळ कापून बाळ पुसून होईतो पहिलटकरणीची सासू हमखास विचारते, ‘‘म्याडम, तुमाले लेकरं किती हायेत?’’ या प्रश्नात वाईट हेतू नसतो. पण तोच प्रश्न ती डॉक्टर सासरी, माहेरी, होस्टेलवर आणि स्वतःच्या मनात वेगवेगळ्या शब्दांत ऐकत असते.

2024 च्या ‘नीट-यूजी’साठी देशभरातून 24 लाखांवर नोंदणी झाली, तिच्यात मुली 13 लाखांहून अधिक होत्या. वैद्यकीय शिक्षणात मुली आता पाहुण्या राहिलेल्या नाहीत. शिक्षणाची चौकट मात्र अजून असे धरून चालते की शिकणाऱ्याला गर्भाशय नाही आणि घरी रांधायला दुसरे कुणीतरी आहे. मूल कधी, हा प्रश्न म्हणूनच जोडप्याच्या खासगी इच्छेपुरता राहत नाही. त्याचे अर्धे उत्तर रोस्टर, हजेरीचा नियम आणि परीक्षेची तारीख यांनी आधीच देऊन टाकलेले असते.

एमबीबीएसच्या काळात मूल होऊ देणाऱ्या मुली थोड्या. पदवीच्या विद्यार्थिनींना प्रसूती रजा मिळावी यासाठी विद्यापीठांनी नियम करावेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 च्या डिसेंबरात कळवले होते. पण वैद्यकीय शाखेत थिअरीला 75 आणि प्रात्यक्षिकाला 80 टक्के हजेरी लागते, आणि वॉर्डात चुकलेली पोस्टिंग घरी बसून भरून निघत नाही. इंटर्नशिपमध्ये वर्षभराची रजा 15 दिवस. त्याहून अधिक गैरहजर राहिले की इंटर्नशिप तेवढी लांबते आणि ती लांबली की त्या वर्षीच्या ‘नीट-पीजी’ची पात्रता हातची जाऊ शकते.

बॉंडचे वर्ष वरवर सोयीचे दिसते. पगार सुरू होतो, परीक्षा नसते. प्रत्यक्षात ही नेमणूक एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असते आणि तिथे दुसरा डॉक्टर असेलच असे नाही. उमरखेड काय किंवा वणी काय, जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरच्या पुढे. रात्रीच्या प्रसूती, शवविच्छेदन, लसीकरणाची सत्रे, आश्रमशाळांच्या भेटी हे सगळे एका वैद्यकीय अधिकाऱ्याकडे. शिवाय बॉंडवरची नेमणूक ठरावीक मुदतीची. मुदत संपताना बाळंतपण आले तर रजेचे काय होते, याचे उत्तर देशाने एका खटल्यातून पाहिले आहे.

दिल्लीतल्या एका सरकारी सुपरस्पेशालिटी रुग्णालयात पॅथॉलॉजीच्या एक सीनियर रेसिडेंट तीन वर्षांच्या कंत्राटावर होत्या. कंत्राट 11 जून 2017 ला संपत होते. त्यांनी 1 जूनपासून प्रसूती रजा मागितली. प्रशासनाने कंत्राटाचे उरलेले 11 दिवस तेवढे धरले आणि पुढची रजा नाकारली. प्रकरण प्रशासकीय न्यायाधिकरण, उच्च न्यायालय असे करत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 17 ऑगस्ट 2023 ला न्यायालयाने निकाल दिला की प्रसूतीचे लाभ कंत्राटाच्या मुदतीपलीकडेही मिळालेच पाहिजेत, ते कंत्राटाच्या शेवटच्या तारखेला तुटत नाहीत. निकाल डॉक्टरच्याच बाजूने लागला, पण तोवर तिचे बाळ सहा वर्षांचे झाले होते. मुदतीच्या नेमणुकीवर काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने हा निकाल जवळ ठेवावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

‘नीट-पीजी’च्या तयारीचे वर्ष घरात बसून अभ्यासाचे, म्हणून अनेक जोडपी इथे मूल होऊ द्यायचे ठरवतात. सासू-सासरे, आई-वडील जवळ असतात, रात्रपाळी नसते. हा हिशेब चुकतो तो परीक्षेच्या तारखेमुळे. 2021 ची परीक्षा एप्रिलमध्ये होती, ती सप्टेंबरात झाली आणि आरक्षणाच्या वादात प्रवेशफेऱ्या जानेवारी 2022 पर्यंत रखडल्या. 2024 ची परीक्षा 23 जूनला होती. आदल्या रात्री ती पुढे ढकलल्याचे जाहीर झाले आणि 11 ऑगस्टला ती दोन सत्रांत घेण्यात आली. 2025 ची 15 जूनची परीक्षा 3 ऑगस्टला गेली. परीक्षा जूनमध्ये उरकेल आणि प्रसूती ऑगस्टअखेर होईल असे जिने मांडले, तिला ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, नवव्या महिन्याचे पोट घेऊन, परगावच्या केंद्रावर साडेतीन तास संगणकासमोर बसावे लागते. दोन लाखांवर उमेदवारांच्या परीक्षेत तारीख हलणे ही प्रशासकीय बाब समजली जाते. पोटातल्या बाळाला ती हलवता येत नाही, एवढी साधी गोष्ट तारखा ठरवणाऱ्यांच्या विचारात आलेली दिसत नाही.

सगळ्यात अवघड जागा निवासी डॉक्टरकीच्या तीन वर्षांची. लग्नाचे आणि मुलाचे वयही नेमके याच तीन वर्षांत येते.

युनिटची इमर्जन्सी ज्या दिवशी असते त्या दिवशी सकाळी आठला सुरू झालेली ड्यूटी दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत लांबते. मध्ये रात्रभर कॅज्युअल्टी आणि वॉर्ड, सकाळी राउंड, मग ओपीडी किंवा ओटी. केंद्राने 1992 मध्ये निवासी डॉक्टरांसाठी जी योजना आखली तिच्यात सलग ड्यूटी एरवी बारा तासांपेक्षा अधिक नसावी आणि आठवड्याला एक सुट्टी असावी असे लिहिले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरचा अहवाल 2024 मध्ये दिला आणि त्यात आठवड्याला जास्तीत जास्त 74 तासांची शिफारस केली. बत्तीस वर्षांनी 74 तास हा दिलासा वाटावा, यावरून प्रत्यक्षात किती तास भरत असतील याचा अंदाज येतो.

यवतमाळमध्ये या तासांना शेतीचा हंगाम येऊन मिळतो. जुलै ते ऑक्टोबर सर्पदंश, फवारणीची विषबाधा, हिवताप, डेंग्यू आणि जुलाब एकाच वेळी वॉर्डात येतात. 2017 च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले शेकडो शेतकरी-शेतमजूर याच रुग्णालयात दाखल झाले होते. अशा रुग्णाला अॅट्रोपिनचे डोस बाहुल्या, नाडी आणि छातीतला आवाज पाहून पुन्हा पुन्हा ठरवावे लागतात. हे काम खाटेजवळ उभे राहूनच करायचे. त्या महिन्यांत युनिटमधला एक माणूस कमी झाला तर काय होते, ते वेगळे सांगायला नको.

रात्रीच्या ड्यूटीला आणखी एक पदर आहे. 2021 च्या नोव्हेंबरात याच महाविद्यालयाच्या आवारात एमबीबीएसच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याचा रात्री खून झाला. 2023 च्या जानेवारीत वॉर्डात एका रुग्णाने निवासी डॉक्टरवर चाकूने हल्ला केला. दोन्ही वेळा डॉक्टर आंदोलनाला बसले. होस्टेल ते वॉर्ड हे अंतर सहाव्या-सातव्या महिन्यात रात्री दोनला चालत जाणे हा प्रश्न एरवी प्रसूती रजेच्या चर्चेत येत नाही. तो यायला हवा.

आता नियमाचे गणित. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची पदव्युत्तर शिक्षणाची 2023 ची नियमावली स्त्री विद्यार्थ्यांना सरकारी नियमांप्रमाणे प्रसूती रजा देते, पुरुषांना पितृत्व रजा देते. महाराष्ट्र शासनाची प्रसूती रजा 180 दिवसांची. नियमावलीनुसार नैमित्तिक रजा वर्षाला 20 दिवस, हजेरी मात्र 80 टक्के हवी, आणि मंजूर मर्यादेपेक्षा अधिक रजा झाली तर तेवढ्याच दिवसांनी मुदत वाढते. तीन वर्षांचे 1095 दिवस धरले तर 20 टक्के म्हणजे 219. प्रसूती रजेचे 180 आणि नैमित्तिक रजेचे 60 मिळून 240. रजा पूर्ण घेतली तर हजेरी कमी पडते आणि हजेरी राखायची तर रजा पूर्ण घेता येत नाही. यात सुरुवातीच्या महिन्यांतला रक्तस्राव, डॉक्टरने सांगितलेली विश्रांती किंवा बाळाचे आजारपण अजून धरलेलेच नाही.

रेसिडेंटांच्या बोलण्यात याला ‘टर्म एक्स्टेंड होणे’ म्हणतात. टर्म वाढली की आपल्या बॅचबरोबर परीक्षा देणे अवघड, निकाल पुढे, बॉंड पुढे, सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा पुढे. सहा महिन्यांची रजा अशा रीतीने पुरे वर्ष खाऊन जाते. शिवाय थिसिस लेखी परीक्षेच्या सहा महिने आधी द्यावा लागतो आणि तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा निवासी कार्यक्रमाखाली दुसऱ्या रुग्णालयात काढायचे असतात. मग सीनियर ज्युनियरला सांगतात, सेकंड इयरच्या आत-बाहेर काय ते उरकून घे. सल्ला आपुलकीचाच असतो, पण दिवस राहणे हे सत्राच्या वेळापत्रकाने होत नाही. दोन महिन्यांत राहतील म्हणून ठरवलेले दिवस दहा महिन्यांनी राहतात आणि प्रसूतीची तारीख थर्ड इयरच्या परीक्षेवर येते.

पण खरी गाठ नियमात नाही, रोस्टरमध्ये आहे. युनिटमध्ये पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे मोजके रेसिडेंट. त्यांतली एक रजेवर गेली की तिच्या जागी कुणी येत नाही, उरलेल्यांच्या ड्यूट्या वाढतात. तीन दिवसांनी येणारी रात्र एक दिवसाआड येते. जिने कायद्याने मिळालेली रजा घेतली तिच्याबद्दल मग कुरबुर सुरू होते, आणि ती कुरबुर करणारेही थकून गेलेले असतात, त्यांना दुष्ट म्हणता येत नाही. म्हणून कितीतरी जणी दिवस गेल्याचे चार महिने लपवतात. पहिले तीन महिने, जेव्हा काळजी सर्वांत जास्त घ्यायची, तेव्हाच त्या सर्वांत जास्त राबतात. निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेच्या मागण्यांमध्ये विद्यावेतनाच्या जोडीला दोन रजा वर्षानुवर्षे दिसत आल्या, क्षयरोगाची रजा आणि प्रसूती रजा. 2019 च्या आंदोलनातही त्या होत्या. वॉर्डात काम करून क्षय होतो आणि तरुण वयात मूल होते, या दोन्ही गोष्टी मान्य करून घ्यायला डॉक्टरांना संपाची भाषा करावी लागली.

या राबण्याचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास झाला आहे. डेन्मार्कमध्ये 22 हजारांहून अधिक गरोदर नोकरदार स्त्रियांची नोंद तपासली तेव्हा आढळले की आठव्या आठवड्यानंतर एका आठवड्यात दोन किंवा अधिक रात्रपाळ्या केल्या तर पुढच्या आठवड्यात गर्भपाताची शक्यता सुमारे 32 टक्क्यांनी वाढते. तो अभ्यास 2019 चा. अमेरिकेतल्या 692 स्त्री सर्जनांच्या 2021 च्या पाहणीत 42 टक्के जणींनी गर्भ गमावल्याचे सांगितले, आणि शेवटच्या तिमाहीत आठवड्याला बारा किंवा अधिक तास शस्त्रक्रिया करणाऱ्यांमध्ये गुंतागुंत अधिक दिसली. क्ष-किरण विभागात काम करणारीने गरोदर असल्याचे कळवल्यावर उरलेल्या काळात गर्भापर्यंत पोचणाऱ्या किरणोत्साराची मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट ठरलेली आहे. भूलशास्त्र विभागात हवा खेळती नसेल तर वायूंचा, कर्करोग विभागात औषधांचा आणि सगळ्याच वॉर्डांत क्षयाचा धोका. बहुतेक रेसिडेंटांची बाळंतपणे सुखरूप होतात, हेही तितकेच खरे आणि ते ठासून सांगायला हवे. पण जो धोका रात्रपाळी कमी करून टळतो तो पत्करायला लावणे हे वैद्यकीय संस्थेला शोभत नाही.

उशीर करण्याचीही किंमत मोजली गेली आहे. अमेरिकेतल्या स्त्री डॉक्टरांच्या 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मूल होण्यासाठी प्रयत्न केलेल्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्याला वंध्यत्वाचे निदान झालेले होते. पुन्हा संधी मिळाली तर लवकर प्रयत्न करू, असे सांगणाऱ्या चौथ्या हिश्श्याहून जास्त होत्या. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात स्त्री डॉक्टरांच्या पहिल्या बाळंतपणाचे मध्यम वय 32 आणि इतर स्त्रियांचे 27 निघाले. स्त्रीबीज गोठवून ठेवण्याची सोय आता नागपूर-पुण्यात आहे, 2021 च्या कायद्याने या तंत्राला चौकटही घातली आहे. पण गोठवलेल्या बीजाचे यश ते कोणत्या वयात काढले यावर अवलंबून असते, आणि तो खर्च रेसिडेंटच्या विद्यावेतनातून सहज होणारा नाही. ही सोय ज्यांना हवी त्यांना मिळावी. तिचा आधार घेऊन कुणी रोस्टर आहे तसे ठेवू नये.

महाराष्ट्रात हा प्रश्न पहिल्या स्त्री डॉक्टरपासूनचा आहे. आनंदीबाई जोशींचे लग्न नवव्या वर्षी झाले, चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. वैद्यक शिकायची त्यांची ओढ त्या दुःखाशी जोडलेली होती. 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात त्यांनी पदवी घेतली, प्रबंध होता आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर, आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. वय अवघे 21. रखमाबाईंनी बालपणी झालेले लग्न नाकारून न्यायालयात लढा दिला, 1894 मध्ये लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत, राजकोटात आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली. त्यांनी संसार केला नाही. यवतमाळच्या शेजारी सेवाग्रामचे महाविद्यालय 1969 मध्ये उभे करणाऱ्या डॉ. सुशीला नायरही अविवाहित राहिल्या. त्या पिढ्यांपुढे वैद्यक आणि मूल यांतले एकच निवडण्याची वाट होती.

पुढच्या पिढीने दोन्ही केले, तेही विदर्भाच्या सगळ्यात अवघड भागात. डॉ. मंदाकिनी आमटे हेमलकशाला 1973 पासून राहिल्या, मुले तिथेच माडिया मुलांबरोबर वाढली, तिथल्याच आश्रमशाळेत शिकली. मेळघाटातल्या बैरागडला डॉ. स्मिता कोल्हे यांचे पहिले बाळंतपण पती डॉ. रवींद्र कोल्हे यांनी घरीच केले. बाळ गंभीर आजारी पडले तेव्हा शहरात हलवावे असा सल्ला मिळाला, पण गावातल्या मुलांवर जे उपचार होतात तेच माझ्या मुलावर होतील, असे म्हणून स्मिताताई तिथेच थांबल्या. बाळ वाचले. 2019 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. ही माणसे आदराला शंभर टक्के पात्र आहेत. मात्र वैद्यकीय महाविद्यालयांच्या सभागृहांत या गोष्टी ज्या सुरात सांगितल्या जातात तो सूर खटकतो. स्वतः होऊन पत्करलेले व्रत आणि पाळणाघर नाही म्हणून लादलेली ओढाताण यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याचे उदाहरण देऊन दुसऱ्याची तक्रार गप्प करता येत नाही.

घराकडे पाहिले तर आजही सगळा भार आजीवर आहे. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना तिथे, आणि मग बाळाची आजी महाविद्यालयाजवळ भाड्याच्या खोलीत येऊन राहते. होस्टेलच्या खोलीत बाळ ठेवायला परवानगी नसते. आजीला गुडघेदुखी असली, गावाकडे आजोबा एकटे असले, की ही व्यवस्था मोडते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावे, असे प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने सांगितले. त्याच दुरुस्तीने रजा 12 वरून 26 आठवडे झाली. रजेची चर्चा फार झाली, पाळणाघराची मात्र जवळपास झालीच नाही. रुग्णालय चोवीस तास चालते, तर तिथले पाळणाघर सकाळी दहा ते पाच चालून भागत नाही. रात्रपाळीच्या परिचारिका, सफाई कर्मचारी, तंत्रज्ञ या सगळ्यांनाच ते लागते. कामावर परतलेली आई ड्यूटी रूममध्ये दाराला कडी नाही म्हणून टेबल लावून दूध काढते आणि ते औषधांच्या फ्रीजमध्ये ठेवू की नको या पेचात पडते. कडी, पडदा, एक छोटा फ्रीज, यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची गरज नाही.

लग्न जुळवतानाही हे कोडे येतेच. डॉक्टर मुलाला पीजी झालेली मुलगी हवी असते आणि घरच्यांना तिचे वय सत्तावीसच्या आत हवे असते. दोन्ही अटी एकत्र बसणे वरच्या वेळापत्रकात जवळपास अशक्य आहे. लग्न झाले तरी तो नागपुरात, ती मुंबईत, किंवा त्याला सुपरस्पेशालिटीला परराज्यात जागा. यवतमाळ, पुसद, वणीत याला उत्तर म्हणून एक जुनी रचना आहे, खाली दवाखाना आणि वर घर. ती स्त्रीरोगतज्ज्ञ, तो बालरोगतज्ज्ञ किंवा सर्जन. बाळ वरच्या मजल्यावर, सिझेरियन उरकून आई दहा पायऱ्या चढली की जवळ. कर्जाचा हप्ता आणि रात्रीची बेल यांतून सुटका नाही, पण वेळ स्वतःच्या हातात असतो. मुलाचा निर्णय अनेक जणी याच टप्प्यावर ढकलतात, आणि हा टप्पा यायला बत्तिशी-तेहतिशी उजाडते. अध्यापनात किंवा संशोधनात जायची ज्यांची कुवत होती अशा काही जणी केवळ या सोयीसाठी ती वाट सोडतात. सरकारी महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे रिकामी असल्याची ओरड होते तेव्हा या गळतीचाही विचार व्हायला हवा.

या सगळ्यात पुरुष रेसिडेंट कुठे आहे? पितृत्व रजा नियमावलीत आहे, ती मागणारा मात्र विरळा, कारण मागितली तर सीनियर हसतील ही धास्ती. वडिलांच्या वाढत्या वयाचेही काही धोके वैद्यकाने नोंदवले आहेत, तरी ‘उशीर नको’ हे वाक्य त्याला कुणी ऐकवत नाही. बाळाच्या पहिल्या महिन्यात तो घरी थांबला तर रजा ही फक्त बायकांची अडचण उरणार नाही आणि रोस्टर आखणाऱ्यालाही ती सगळ्यांसाठी धरूनच चालावे लागेल.

बाहेर काय चालते? अमेरिकेत विशेषज्ञांच्या प्रमाणन मंडळांनी 2021 पासून नियम केला की प्रशिक्षणात किमान एकदा सहा आठवडे मूल किंवा आजारपणासाठी दूर राहिले तरी मुदत वाढणार नाही. 2022 पासून ती सहा आठवड्यांची रजा पूर्ण पगारी झाली. रजा आपल्यापेक्षा खूपच कमी, पण मुदतीचे भय काढून टाकलेले. भारतात रजा मोठी आणि भय शाबूत. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने 23 मे 2025 ला तमिळनाडूतल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात प्रसूती रजा हा प्रजननाच्या हक्काचाच भाग मानला. तो हक्क वॉर्डापर्यंत आणायचा तर प्रशिक्षणाची पूर्तता दिवसांच्या मोजणीपेक्षा हातांनी केलेल्या कामावर ठरवावी लागेल. ठरलेल्या प्रसूती, शस्त्रक्रिया, प्रक्रिया तिने पूर्ण केल्या असतील आणि विभागप्रमुखाचे समाधान झाले असेल, तर बॅचबरोबर परीक्षेला बसू देण्यात रुग्णाचे काहीही नुकसान नाही. परीक्षेची तारीख वर्षभर आधी जाहीर होऊन ती पाळली गेली तर निम्मी जोडपी आपला निर्णय आपणच घेऊ शकतील.

राहिला रजेच्या जागी माणूस देण्याचा प्रश्न, आणि हाच सर्वांत निकडीचा. माणसे नाहीत असे म्हणता येत नाही. इंटर्नशिप संपवून बाहेर पडलेली एमबीबीएसची तुकडी दर वर्षी बॉंडच्या नेमणुकीची वाट पाहते, आणि वैद्यकीय महाविद्यालयांतली कनिष्ठ पदे याआधीही बॉंडमधून भरली गेली आहेत. प्रत्येक महाविद्यालयात अशी काही पदे केवळ प्रसूती आणि आजारपणाच्या रजांसाठी राखून ठेवली तर यवतमाळच्या स्त्रीरोग युनिटमधली रेसिडेंट पाचव्या महिन्यातच विभागप्रमुखाला तारीख सांगू शकेल. तिच्या जागी येणाऱ्याचे नाव त्याच दिवशी रोस्टरवर लिहिता येईल. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, वैद्यकीय शिक्षण विभागाचा एक शासन निर्णय पुरतो.